धारूरच्या घाटात ब्रेकनं लाथ मारली

सन २०१६. माझं वय तेव्हा अडुसष्ट. शाळेच्या दाखल्यावर बासष्ट आहे, पण तो मास्तरानं माझ्या उंचीकडं बघून टाकलेला आकडा. आई सांगायची, तू रझाकाराच्या धामधुमीत झालास. आईचं खरं.

शिक्षण चौथी. चौथी पास नव्हे… चौथीपर्यंत. त्यामुळं लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या. सांगण्यात मात्र काही चुकणार नाही.

तुमच्या या पानावर लोकांचे अनुभव मी वाचतो. कोणाला पांढरी बाई दिसते, कोणाला हाका ऐकू येतात. खरं सांगायचं तर वाचून हसतो. आमच्या शिवारात एक पिंपळ आहे, त्याच्याखाली काहीतरी आहे म्हणून लोक वाट वाकडी करून जातात. मी एक अख्खा उन्हाळा त्या पिंपळाखाली मुद्दाम झोपलो. भूत आलं न्हाई, मुंग्या लई आल्या. असा मी माणूस. एवढं आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना मला कोणी भित्रा समजू नये.

आमचं गाव धारूरच्या वर, बालाघाटाच्या डोंगरात. त्या साली प्यायलाच पाणी टँकरचं, तर जनावराला कुठलं? बोअर मारला की पाण्याऐवजी फुफाटा वर यायचा. होळीच्या आधीच आमची म्हैस, दोन बैल अन् एक वासरू घाट उतरून खाली चारा छावणीला नेऊन बांधली. जनावरासोबत घरचं एक माणूस तिथं राहावं लागतं. कोण राहणार? तर आमची मंडळी म्हणाली, मी राहते. चार बांबू, वर पाचट, एक चूल… तिचा संसार तिथं. माझा इकडं.

मी गावच्या दूध संस्थेचा चेअरमन. बिनविरोध. कारण दुसरं कोणी उभंच राहत न्हाई. गावातली सगळी दुभती म्हसरं छावणीत, म्हणजे दूधही छावणीत. ते रोज सकाळी वर धारूरला शीतकरण केंद्राला आणायचं काम मी अंगावर घेतलं. गाडीत मागं रिकामे कॅन टाकायचे, घाट उतरायचा, दूध भरायचं, म्हैस बघायची, वर यायचं.

म्हैस बघायची, असं मी सगळ्यांना सांगायचो. आता या वयात लपवून काय करू? सेहेचाळीस वर्षांच्या संसारात ती माहेराला गेली तरी चार दिवसाच्या वर राहिली न्हाई. घरात आलं की नुसतं घड्याळ ऐकू यायचं. पण कारणाबिगर रोज बायकोकडं जाणारा म्हातारा म्हणलं की गाव हसणार. दुधाचे कॅन होते म्हणून तोंड होतं.

गाडी मुलाची. बाळू आमचा जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर आहे. त्यानं पुण्याच्या कोण्या साहेबानं वापरलेली पांढरी, सात सीटची गाडी घेतली. तो शाळेत जातो मोटारसायकलवर, म्हणून गाडी माझ्याकडं. पण त्याची एक अट होती, अन् ती त्यानं चारचौघात घातली.

"आबा, घाटाचा रस्ता हाय. गाडीला एक जरी ओरखडा आला, का कुणाला धक्का लागला, त्या दिशी किल्ली खिळ्याला. परत मागायची न्हाई."

"न्हाई मागत," म्हणलं. "ओरखडा यायचाच न्हाई."

किल्ली गेली की कॅन गेले, कॅन गेले की छावणी गेली. हे बाळूला ठाऊक नव्हतं. मला होतं.

आता ब्रेकचं सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथंच आहे. मी गाडी शिकलो जुन्या जीपवर. तिचा ब्रेक एकदम दाबला तर काही घडायचं न्हाई. तो फट फट फट, तीन-चार वेळा मारायचा, मग जीप विचार करून थांबायची. चाळीस वर्षं माझ्या पायाला तीच सवय. बाळू म्हणायचा, "आबा, या गाडीला एबीएस हाय. ब्रेक असा पंप करायचा नसतोय. एकदा दाबला की दाबून धरायचा. चाक जाम होऊ द्यायचं न्हाई, गाडी घसरू द्यायची न्हाई, ते सगळं एबीएस आपलं आपण करतंय."

"पाय माझा, ब्रेक माझा," म्हणलं, "मधी हे तिसरं कोण?"

"तुमच्याशी बोलून उपेग न्हाई," तो म्हणाला. तो लहानपणापासून हेच म्हणतो.

चैत्रात कधीतरी गाडीच्या काट्यांच्या मधोमध एक पिवळा दिवा लागला. गोल, त्यात इंग्रजी तीन अक्षरं. गाडी चालू केली की लागायचा अन् विझायचाच न्हाई. आता माणूस सकाळी सकाळी घाट उतरतोय अन् समोरून कोणीतरी डोळे वटारून बघतंय, हे कसं वाटतं? घरात आरशावर मंडळीची एक मोठी मरून टिकली चिकटवलेली होती, ती काढली अन् दिव्यावर लावली. झाक बसली. आठ-दहा दिवस काम चाललं. मग उन्हानं डिंक वितळला, टिकली घसरून स्टिअरिंगच्या खाली गेली, अन् दिवा पुन्हा वटारलेला.

मग धारूरला युनूस मिस्त्रीकडं गेलो. युनूस चांगला माणूस, हात स्वच्छ. त्याला म्हणलं, "हा दिवा बंद कर. कसा करायचा तो कर."

"आबा, दिव्यात काय न्हाई. दिवा काय म्हणतोय ते बघावं लागंल."

"तो काय म्हणतोय ते मला ऐकायचंच न्हाई. बंद कर."

नेमका तेवढ्यात टँकरवाल्याचा फोन आला. आमच्या वस्तीची खेप त्यानं दुसऱ्याच गावात ओतली होती. मी रस्त्यावर उभं राहून त्याला अर्धा तास शिव्या घातल्या. परत आलो तर दिवा बंद. युनूस हात पुसत काहीतरी सांगत होता, मी "बरं बरं" म्हणलं अन् निघालो. काय सांगत होता हे मी ऐकलं न्हाई. हीच माझी चूक. पण दिवा बंद झाल्यावर मिस्त्रीचं भाषण कोण ऐकतं?

त्यानंतर तिसरा का चौथा दिवस. रविवार होता, सकाळचे साडेसात. सांगतोय ते नीट ध्यानात घ्या — ऊन पडलेलं होतं, मी चहा पिलेला होतो, डोळे उघडे होते. शेजारच्या सीटवर आमच्या दूध संस्थेचा सचिव, सदा. सदा म्हणजे हिशेबाला चोख अन् काळजाला ससा. पट्टा लावायचा न्हाई, पण दोन्ही हातानं सीट धरून बसायचा.

घाटात मधे एक अवघड वळण आहे. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. त्या वळणाला येईपर्यंत मी मजेत होतो, थोडा जोरातच होतो, कबूल करतो. वळलो — अन् समोर रस्ताभर उसाचं वाढं सांडलेलं. छावणीला चारा नेणाऱ्या कोण्या ट्रॅक्टरचा दोर सुटला असणार. हिरवं, ओलं, निसरडं. अन् त्या वाढ्यावर ताव मारत सात-आठ म्हशी आडव्या उभ्या. त्यांच्यात तीन बाया, हातात काठ्या, "हाल्या हाल्या" करत. म्हशी कशाच्या हलतात? तीन महिन्यांनी हिरवं दिसलेलं.

"आबाऽऽ" सदा ओरडला.

मी ब्रेक मारला.

पाय उचलून दुसऱ्यांदा मारणार, तेवढ्यात… कसं सांगू… ब्रेकनं मला लाथ मारली. खालून. एक न्हाई. धडधडधडधड अशी, पिठाची गिरणी चालू झाल्यावर कट्टा थरथरतो तशी. जणू पेडलच्या खाली कोणीतरी बसलंय अन् दोन्ही पायांनी माझा तळवा ढकलतंय. अन् आवाज बी, गुरगुरल्यासारखा.

दुसरा कोणी असता तर त्यानं पाय काढला असता. पण मला राग आला. माझ्याच गाडीत मला लाथ? म्हणलं, थांब तुझ्या! अन् पंप-बिंप सगळं विसरून, सीटवरून अर्धा उठून, सगळा भार टाकून त्या पेडलवर उभाच राहिलो. ते ढकलतंय, मी दाबतोय. ते ढकलतंय, मी दाबतोय. अन् त्या भांडणात गाडी वाढ्यावरून न घसरता, स्टिअरिंग फिरवलं तिकडं मुकाट फिरली, दोन बायांच्या मधून गेली अन् एका म्हशीच्या पुढ्यात थांबली. म्हशीत अन् गाडीत वीतभर जागा. तिनं वर बघितलं, जीभ काढली अन् बॉनेट चाटलं.

मागं कॅन घंटेसारखे वाजत होते. ते थांबल्यावर एकदम सामसूम.

मग एक बाई आली अन् काचेवर काठी आपटली. "ए म्हाताऱ्या, डोळं हायत का गुंड्या शिवल्यात?"

मी कोणालाच उलट बोलल्याशिवाय सोडत न्हाई, पण त्या दिवशी तिला तसंच सोडलं. माझं लक्ष पायाकडं होतं. पेडल आता गप. नुसतं पेडल. खाली वाकून बघितलं तर तिथं सदाचं डोकं.

"तू काय करतोयस तिथं?"

"मी पडलो का बसलो, मला ठावं न्हाई," सदा सीटखालून म्हणाला. "आबा, गाडीत कोण हाय?"

छावणीवर पोहोचेपर्यंत मी गाडी बैलगाडीच्या चालीनं नेली. सदानं वाटेतच बाळूला फोन लावला अन् रडक्या आवाजात सगळं सांगितलं. मला वाटलं, गेली किल्ली.

मंडळी चुलीवर भाकरी टाकत होती. तिला लाथेचं सांगितलं. तिनं भाकरी उलटली अन् म्हणाली, "बरं झालं. लाथ मारल्याबिगर तुमी कुठं थांबता?"

"अगं, खरं सांगतोय. आत काहीतरी हाय."

"असंल. तुमच्यासंगं सेहेचाळीस वर्सं राहिलं असंल, म्हणून वैतागलं असंल. भाकरी खावा." पण बोलता बोलता तिनं माझ्या पायातला जोडा काढला अन् तळवा उलटापालटा करून बघितला. लागलंय का म्हणून.

अर्ध्या तासात बाळू मोटारसायकल पिटाळत आला. आधी गाडीभोवती दोन चकरा मारल्या. ओरखडा न्हाई. बॉनेटवर नुसता म्हशीच्या लाळेचा डाग. मग माझ्याकडून सगळं ऐकलं, अन् हसायला लागला.

"आबा, ते भूत न्हाई, एबीएस हाय! जोरात ब्रेक दाबला की पेडल असंच थरथरतंय. चाक धरायचं-सोडायचं, धरायचं-सोडायचं, ते आतून चालू असतंय, त्याचा धक्का पायाला लागतोय. तुमी पहिल्यांदाच दाबून धरला, म्हणून पहिल्यांदाच कळलं. त्यानंच वाचवलं तुमाला."

माझा जीव भांड्यात पडला. एवढंच होय? मशीन! मी लगेच छाती पुढं काढली. छावणीभर फिरलो, प्रत्येक खुंट्यापाशी थांबून लोकांना एबीएस समजावून सांगितलं. एकजण म्हणाला, "चेअरमन, आमच्या बैलाला बी बसवता येतंय का?" म्हणलं, चाक असंल त्याला बसतंय. बाळूही खुश. म्हणाला, "आबा, ओरखडा न्हाई, धक्का न्हाई. किल्ली तुमचीच." मंडळी वळून चुलीतली राख सारखी करायला लागली, पण मला तिचा गाल दिसला. हसत होती.

दूध भरून आम्ही वर निघालो. गाडी मी हाकली, सदा मागं कॅनजवळ बसला, पुढं यायला तयार न्हाई. बाळू मोटारसायकलवर. धारूरला दूध उतरवलं अन् मी म्हणलं, युनूसच्या दुकानावरून जाऊ. एबीएस त्यानं दुरुस्त केलं, त्याला शाबासकी दिली पाहिजे. माणसाचं केलेलं विसरू न्हाई.

युनूस एका जीपखाली आडवा होता. त्याला बाहेर ओढलं, घाटातलं सगळं सांगितलं, पाठीवर थाप मारली. "काय एबीएस बसवलंस, वा!"

युनूस माझ्याकडं बघत राहिला. मग बाळूकडं. मग आत गेला अन् फळीवरून एक लोखंडी ठोकळा घेऊन आला. विटेएवढा, तेलकट, वर पाइपाची भोकं.

"आबा," तो म्हणाला, "तुमचं एबीएस हे बघा हिथं हाय."

बाळूनं तो हातात घेऊन फिरवून बघितला.

"सांगितलं होतं की तुमाला. हे आतून गेलेलं होतं, तेल गळायला लागलेलं. नवीन यायला टाइम लागंल म्हणून काढून ठेवलं, ब्रेकचे पाइप डायरेक्ट जोडले, दिव्याची वायर तोडली. म्हणलं, हळू चालवा, गच्चकन ब्रेक मारू नका, गाडी घसरंल. तुमी 'बरं बरं' म्हणालात."

बाळूनं बॉनेट उघडलं. ठोकळ्याच्या जागी पोकळी. पाइप एकमेकाला सरळ जोडलेले. चौथी शिकलेल्या माणसालाही कळावं असं रिकामं.

"मग थरथरलं काय?" बाळूनं विचारलं.

युनूस म्हणाला, दाखवा जागा. आम्ही चौघं परत घाटात गेलो. वाढं तोवर म्हशींनी साफ केलं होतं, रस्ता मोकळा. युनूस उकिडवा बसला अन् डांबरावर बोट फिरवलं. टायरचे वळ होते, पण सलग न्हाईत. पुसट, तुटक-तुटक, कोणी खडूनं टिंबं मारत गेल्यासारखे.

"या खुदा," तो म्हणाला. "डायरेक्ट पाइपवर असा वळ येत न्हाई. चाक जाम होऊन काळा पट्टा पडायला पायजे, पार दरीपर्यंत. हा तर एबीएसचा वळ हाय."

"आबांचा पाय थरथरला असंल," बाळू हळूच म्हणाला. "माणूस घाबरला की पाय थरथरतोय. वय बी झालंय. पाय थरथरला, ब्रेक सुटला-लागला, सुटला-लागला… म्हणून वळ तुटक."

वाचकहो, आता माझी पंचाईत बघा. जन्मभर मी म्हणालो, भूत नसतं. आता भूत नसेल तर माझा पाय थरथरला. अन् माझा पाय थरथरला न्हाई. रझाकाराच्या काळात जन्मलेल्या माणसाचा पाय म्हशीला बघून थरथरतो का?

"एवढ्या जल्दी?" युनूस म्हणाला. "आबाचा पाय हाय का शिलाई मशीन?"

"पाय हालला न्हाई," सदा मागून म्हणाला. आम्ही वळून बघितलं. "मी खाली होतो ना. माझं तोंड पेडलपाशीच होतं. आबाचा पाय खुंट्यासारखा गच्च होता. पेडल हालत होतं, पायाखाली. आईची शपथ."

सदाची साक्ष कोणी धरणार न्हाई. तो माझा सचिव, शिवाय त्या वेळी त्याचे डोळे उघडे होते का मिटलेले, हे त्यालाच पक्कं सांगता येत न्हाई. पण तो ते आजही तसंच सांगतो, अन् मी त्याला तसं सांगायला कधी सांगितलं न्हाई.

युनूसनं पुढं नवीन एबीएस बसवलं. बाळूनं मोकळ्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारून बघितला. म्हणाला, थरथरतंय, तुमी सांगितलं तसंच. म्हणजे मला जे कळलं ते तेच होतं… फक्त त्या दिवशी ते गाडीत नव्हतं, फळीवर होतं. दोन मिस्त्र्यांना, एका इंजिनिअर पोराला अन् एका महाराजांनाही विचारून झालं. महाराजांनी सगळ्यात लांबलचक उत्तर दिलं, अन् ते सगळ्यात कमी पटलं. उलगडा आजपर्यंत न्हाई.

पण त्या दिवसाचं राहिलं. दिवस मावळताना घरी आलो. बाळू अंगणात उभा होता, तोंड पाडून. म्हणाला, "आबा, अट म्हणजे अट. ओरखडा न्हाई. किल्ली मी मागणार न्हाई." पोरगं शब्दाला पक्कं आहे, माझंच आहे.

मी ओसरीवर बसून लई विचार केला. तीन बाया अन् आठ म्हशी जित्या राहिल्या. सदा राहिला. मी राहिलो. पण ते मी केलं न्हाई. मी नुसतं भांडलो. गाडी थांबवली ती दुसऱ्या कोणीतरी, अन् ते कोण हे मला ठाऊक न्हाई, ते उद्या असंल का न्हाई हे बी ठाऊक न्हाई. दुसऱ्याच्या पायावरच घाट उतरायचा, तर एसटी काय वाईट? तिच्या डायवरचं निदान तोंड तरी दिसतं.

उठलो अन् किल्ली माझ्या हातानं खिळ्याला अडकवली. बाळू म्हणाला, "आबा, पाय थरथरला असं मी उगं म्हणलो…"

"पाय थरथरला न्हाई," म्हणलं. "अन् कॅन उद्यापासून सदाचा मेहुणा टेम्पोत आणंल. मी बोललोय त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं घाट उतरलो. काखेत वळकटी, पिशवीत दोन धोतरं अन् तंबाखूचा डबा. छावणीवर ज्यानं विचारलं न्हाई असा माणूस न्हाई — चेअरमन, गाडी कुठं? कॅन कुठं?

मंडळी शेण भरत होती. तिनं वळकटीकडं बघितलं.

"म्हैस बघायला आलात?"

"न्हाई," म्हणलं.

तिनं पदरानं हात पुसला, पाचटाच्या खोपीतली तिची गोधडी एका अंगाला सारली, अन् परत शेणाला लागली. मी वळकटी तिथं टाकली, धोतराचा काचा मारला अन् चाऱ्याच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.